जयेशभाईच्या कॅफेतलं अमेरिकन कॉलेज

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. सोसायटीच्या गच्चीवर मोडक्या खुर्च्या साठतात ना, तसे ते साठतात. कुणी कधी आणून ठेवल्या ते आठवत नाही, आणि टाकून द्यायचं म्हटलं की प्रत्येक खुर्चीवर कोण बसायचं ते मात्र नेमकं आठवतं! मला डायरी लिहायची सवय, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठले आहेत. परवा कपाट आवरायला काढलं तर 'रविवार वर्ग' असं लिहिलेल्या चार वह्या हाताला लागल्या. आवरणं तिथंच राहिलं.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं ती. आम्ही मुंबई सोडून भाईंदर पूर्वेला इंद्रलोकला राहायला आलो होतो. इमारती नव्या, ओळखी त्याहून नव्या. कोपऱ्यावर जयेशभाईचा सायबर कॅफे होता. आठ कम्प्युटर, मध्ये प्लायवूडचे आडोसे आणि दारावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद, 'चप्पल बाहर उतारें'. दिवसभर तिथं पोरांची गेम खेळायला झुंबड असायची. पण रविवारी सकाळी सात ते नऊ चिटपाखरूही नसायचं. त्या दोन तासांत आमचं कॉलेज भरायचं. अमेरिकेतलं कॉलेज, तेही फुकट!

* * *

सुरुवात राणेमुळे झाली. दिवाकर राणे माझ्या घराच्या अगदी वरच्या मजल्यावर राहायचा. वय सेहेचाळीस, अंधेरीच्या एका ऑफिसात क्लार्क. माणूस इतका शांत, की त्याच्या घरात मिक्सर लागला तर आम्हाला वाटायचं, राणे रागावला.

त्याने पेपरात एक छोटी बातमी वाचली. अमेरिकेतल्या कुठल्याशा मोठ्या विद्यापीठाने आपल्या वर्गातली लेक्चर्स शूट करून इंटरनेटवर टाकली होती. कुणीही बघा, पैसे नाहीत, परीक्षा नाही, प्रवेश नाही. राणे कात्रण घेऊन कॅफेत गेला. सोबत मी.

जयेशभाई म्हणाला, "फ्री में? राणेभाई, फ्री में तो सिर्फ वायरस आता है!"

पण साइट उघडली. विषयांची यादी संपता संपेना. आकाशातले तारे, माणसाचा मेंदू, पुलांचं बांधकाम, काय वाट्टेल ते. राणे सगळं सोडून खाली खाली गेला आणि एका नावावर थांबला. संख्याशास्त्र.

"अरे, एवढी मिठाई समोर आणि तू कारलं उचललंस?" मी म्हटलं.

"हेच," राणे म्हणाला.

आता अडचण इंग्रजीची. मी जुन्या अकरावीचा, एका औषध कंपनीच्या गोडाउनमध्ये स्टोअरकीपर. माझं इंग्रजी खोक्यांवर लिहिलेलं असतं तेवढंच. म्हणून आम्ही सी विंगमधल्या लिमये बाईंना गाठलं. बाई गिरगावातल्या मुलींच्या शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "येते. पण वर्ग असेल तर तो वर्गासारखा होईल. टिंगलटवाळी चालणार नाही."

पहिला रविवार. पडद्यावर एक रिकामा फळा. दार उघडलं आणि पट्ट्यापट्ट्यांचा टाय लावलेले प्रोफेसर आत आले. लिमये बाई ताडकन उभ्या राहिल्या.

आम्ही बघतच बसलो.

"सर आलेत. दिसत नाही?"

आम्ही उभे राहिलो. काउंटरवरचा जयेशभाई इतक्या घाईने उठला, की त्याच्या हेडफोनची पिन निघाली आणि अख्ख्या कॅफेत गरबा सुरू झाला!

तेवढ्यात कॅमेरा वळला. तिथली पोरं आरामात सँडविच खात होती. एकाने तर पाय समोरच्या खुर्चीवर टाकलेले. राणे हळूच म्हणाला, "बाई, तिथं कुणीच उभं राहिलं नाही हो."

"त्यांनी फी भरलीय," बाई म्हणाल्या. "आपण भरलेली नाही."

त्यानंतर चार वर्षं, सर पडद्यावर आले आणि आम्ही बसून राहिलो, असं एकदाही झालं नाही.

* * *

दुसऱ्या रविवारी बाईंनी मस्टर आणलं. लाल रेघांचं, शाळेतलं. पहिल्या पानावर प्रत्येकाने नाव, पत्ता आणि शिक्षण लिहायचं. मी 'जुनी अकरावी' लिहून मोकळा झालो. जयेशभाईने गुजरातीत काहीतरी लिहिलं, ते बाईंनी मान्य केलं. राणेने नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि पेन हातात धरून बसला.

"बाई, हे नंतर लिहितो."

"शिक्षण नंतर?"

"हो. आठवून लिहितो."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि मस्टर मिटलं.

घरी येताना जिन्यात राणेने मला थांबवलं. वर, त्याच्या दारापाशी घेऊन गेला. दारावर पितळी पाटी होती. 'श्री. दिवाकर वि. राणे, बी.कॉम.' मी ती रोज बघत होतो.

"सासऱ्यांनी लग्नात दिली," तो म्हणाला. "स्वतः भुलेश्वरला जाऊन कोरून आणली होती. मिलमधला माणूस, जावई ग्रॅज्युएट मिळाला म्हणून चाळीत पेढे वाटले होते. लालबागच्या खोलीवर हीच होती, इथंही हीच लावली."

"मग?"

"मी बी.कॉम. नाही, परब. संख्याशास्त्रात दोनदा आपटलो आणि कॉलेज सोडलं. मध्यस्थाने ग्रॅज्युएट सांगितलं, आणि मी गप्प बसलो. तेवढंच केलं. गप्प बसलो."

आतून शुभांगीवहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. राणेने आवाज आणखी खाली आणला. "दर दिवाळीला ही पाटी चिंचेने घासते. त्या बी.कॉम.मधलं टिंबसुद्धा सोडत नाही. आणि यंदा मनालीने कॉमर्सला अॅडमिशन घेतलीय. परवा म्हणाली, बाबा, मला स्टॅट्स शिकवा ना, तुम्ही तर बी.कॉम. आहात!"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, ऑफिसात ऑडिट चाललंय."

त्या दिवसाच्या डायरीत मी फक्त हजेरी लिहिली आहे. बाकीचं लिहिण्यासारखं नव्हतं, कारण माझी डायरी आमची बायको वाचते.

* * *

तेव्हाचं इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून ठिबकणारं पाणी. सर दोन वाक्यं बोलायचे आणि थिजायचे. खाली अक्षरं यायची, 'बफरिंग'. एकदा सर हात वर करून अडकले ते सहा मिनिटं तसेच. जयेशभाई काउंटरवरून ओरडला, "टीचर, मास्तर अटक गया! हाथ दुख रहा होगा बेचारे का!"

सुरुवातीला आम्ही चिडायचो. मग बाईंनी त्याचा उपयोग करायला सुरुवात केली. सर अडकले, की तोपर्यंत झालेलं मराठीत समजावायचं. आम्ही फळा उतरवून घ्यायचो, एकमेकांना विचारायचो, जयेशभाईचा चहा यायचा. सर पुन्हा हलेपर्यंत सगळ्यांचं समजून झालेलं असायचं.

शुभांगीवहिनींना या सगळ्याची भारी गंमत वाटायची. रविवारी सकाळी राणे वही घेऊन निघाला, की मागून आवाज यायचा, "चालले का बफरिंगला? आणि येताना कोथिंबीर आणा! ती अडकवू नका कुठं!"

एकदा सर म्हणाले, "आणि म्हणूनच..." आणि लाइट गेली.

गेली ती गेलीच. नऊ वाजले, पोरं दारात येऊन उभी राहिली, आम्ही उठलो. आठवडाभर राणेच्या डोक्यात एकच, 'आणि म्हणूनच' पुढे काय? गुरुवारी संध्याकाळी रिक्षा स्टँडवर भेटला तर भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन कागद काढला. "परब, हे बघ. म्हणूनच काय, ते मी काढलंय. सॅम्पल चौपट घेतलं तर अंदाजातली चूक निम्मी होते. चौपट घेऊन निम्मीच! बरोबर असेल का रे?"

मला काय कळणार? मी म्हटलं, "सर सांगतील."

रविवारी सर आले. आम्ही उभे राहिलो. लेक्चर तिथूनच लावलं. सरांनी खडू उचलला आणि अगदी तेच फळ्यावर लिहिलं. चौपट. निम्मी.

राणे पुढे गेला आणि मॉनिटरच्या कडेला हात लावून आला. हस्तांदोलन केल्यासारखा.

"राणेभाई, स्क्रीन को हाथ मत लगाओ, डाग पडता है!" जयेशभाई म्हणाला.

पण तो डाग त्याने पुसला नाही. पुढच्या रविवारी मी बघितला, तिथंच होता.

* * *

कुंदाताई जवळच्या मोरवा गावातून मासे विकायला यायच्या. रविवारी इंद्रलोकमध्ये त्यांचे मासे संपायला दहा वाजायचे. मधे गिऱ्हाईक नसलं की कॅफेच्या पायरीवर टोपली ठेवून पान लावत बसायच्या. बसता बसता आत बघायला लागल्या.

लिमये बाईंनी विचारलं, "कळतं का काही?"

"इंग्रजी न्हाय कलत. पन तो मानूस चांगला हाय. हात हलवून हलवून सांगतंय. आमच्या मास्तरानी न्हाय सांगितलं कदी तसं. म्हनून तर चौथीत सोरली शाला."

हे त्या चौपट-निम्मीच्याही आधीचं. त्या दिवशी विषय सॅम्पलिंगचा. बाई समजावत होत्या, पोत्यात हजारो गोट्या असतील तर मूठभर काढून सगळ्यांचा अंदाज बांधता येतो. राणे अस्वस्थ झाला. "बाई, मूठभरावरून पोत्याचं कसं कळणार? हे मला कॉलेजातही पटलं नव्हतं. मी पाठ करायचो आणि पेपरात घोळ व्हायचा."

दारातून आवाज आला, "ओ राणेदादा, तुमची वैनी मासे कशी घेते?"

"कशी म्हणजे?"

"कल्ले उघरून बघते का न्हाय? किती माशांचं बघते?"

"दोन-तीन."

"आनि घेते वाटा भरून. मंग? ती काय सगली टोपली फारून बघते?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पन दादा, वरचेच दोन बघाल तर फसाल हां! वर मी ताजेच ठेवतंय. हात खाली घालाचा, डोले मिटून. लागल तो बघाचा."

राणे पुटपुटला, "डोळे मिटून. म्हणून रँडम!" आणि मग, कुणालाच उद्देशून नव्हे असं, "पंचवीस वर्षं लागली."

बाईंनी मस्टर उघडून कुंदाताईंचं नाव घातलं. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं, 'चौथी'. कुंदाताई म्हणाल्या, "लिवा, लिवा. लपवाचं काय हाय त्यात?" राणेने मान खाली घातली.

पण खरी मजा पुढच्या रविवारी. राणेने ही गोष्ट घरी सांगितली होती, वहिनींनी जिन्यात सांगितली होती. इंद्रलोकमधली एकूण एक बाई टोपलीच्या तळाशी हात घालायला लागली, तेही डोळे मिटून! कुंदाताई तणतणत वर्गात आल्या.

"बाय, शिकवाचं तं शिकवा, पन माझ्या गिऱ्हाईकांना नको!"

आणि मनालीने तर कॉलेजच्या टेस्टमध्ये सॅम्पलिंगवर दोन पानं मासे लिहून ठेवले. प्राध्यापकांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, "बाबांनी शिकवलं. ते बी.कॉम. आहेत."

राणेने हे मला सांगितलं तेव्हा तो हसत होता, आणि नव्हताही.

* * *

सोसायटीचे सेक्रेटरी पाध्ये एकदा चौकशीला आले. इंजिनिअर माणूस, मुलगा परदेशी जायच्या तयारीत. आम्ही चौघं त्या छोट्या मॉनिटरसमोर दाटीवाटीने बसलेलो बघून त्यांना कुतूहल वाटलं.

"याचं सर्टिफिकेट मिळतं का?"

"नाही."

"डिग्रीला क्रेडिट वगैरे?"

"नाही."

"प्रमोशनला धरतात?"

"कसं धरतील?"

"मग उपयोग काय हो? शिक्षण कशासाठी असतं शेवटी?"

बाई उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात जयेशभाई मध्ये पडला. "पाध्येसाहेब, आप रोज सुबह गार्डन में चलते हो. सर्टिफिकेट मिलता है?"

"त्याने शुगर कमी होते माझी!"

"बस, तर मग," राणे म्हणाला, "इथंही कमी होते."

"काय?"

"भीती."

पाध्ये हसले. राणे विनोद करतो, हे त्यांना नवीनच होतं. मी हसलो नाही. आता मोबाईलवर बोट फिरवलं की असले हजार कोर्स दिसतात, शेवटी रंगीत सर्टिफिकेटही येतं. माझा पुतण्या त्यांचा ढीग जमवतो. बघितलं की मला राणेचा तो एक शब्द आठवतो.

* * *

मग ब्रॉडबँड आलं. जयेशभाईने नारळ फोडला. रविवारी सर आले, आम्ही उभे राहिलो, बसलो, आणि सर जे बोलायला लागले ते थांबेचनात! पन्नास मिनिटांचं लेक्चर पन्नास मिनिटांत संपलं. त्याआधी त्याला तीन रविवार लागायचे.

संपल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणालाही काहीही कळलं नव्हतं.

"सर आज घाईत होते," मी म्हटलं.

"सर तसेच होते," बाई म्हणाल्या. "आपल्याला आजवर कळत होतं ते नेटवाल्यांच्या कृपेने."

जयेशभाई घाबरला. "टीचर, पुराना कनेक्शन वापस लगाऊँ?"

त्यावर बाईंनी जो तोडगा काढला तो जगात दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नसेल. त्यांनी बफरिंग मॉनिटर नेमला! काम एकच, मध्येच हात वर करून ओरडायचं, 'बफरिंग!' आणि जयेशभाईने लेक्चर थांबवायचं. पहिला मान मला मिळाला, पण मी नालायक ठरलो. मला न कळूनही मी मान डोलवत राहायचो, लाजेने. राणेचंही तेच.

शेवटी काम कुंदाताईंकडे गेलं. त्यांना लाज नव्हती. राणेच्या कपाळावर आठी पडली की त्या हात वर करायच्या.

"बफरिंग! अडवा त्याला! राणेदादांना न्हाय कललं!"

"मला कळलंय हो, कुंदाताई."

"खोटं बोलू नका. मी रोज गिऱ्हाईकांची तोंडं बघतंय."

* * *

कोर्स संपला तेव्हा साइटवर सरांची फायनल परीक्षा होती. तीन तासांची. बाई म्हणाल्या, द्यायची. त्या रविवारी जयेशभाईने गेमवाल्या पोरांना दहापर्यंत बाहेरच ठेवलं. सुपरव्हायझर अर्थात कुंदाताई. त्यांनी त्या दिवशी टोपली घरी ठेवली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. सर्वांत आधी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"परबदादा, ती वही इथं ठेवा."

"अहो, ही माझी डायरी आहे!"

"त्यातच तं सगलं लिवलेलं हाय. मना म्हाईत हाय!"

डायरी जप्त झाली. जयेशभाईला बोलायची बंदी झाली, तो तीन तास खुणा करत होता. राणे जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत होता, आणि उजव्या पायाचा अंगठा सतत हलत होता. तिसऱ्या तासाला अंगठा थांबला.

बाईंनी साइटवरच्या उत्तरांवरून पेपर तपासले. सख्ख्या मुलाचे तपासावेत तसे कडक. मला अडतीस. राणेला एकाहत्तर!

पुढच्या रविवारी बाई आणि जयेशभाईने गुपचूप बेत केला होता. प्रिंटरवर सोनेरी कडेचं सर्टिफिकेट काढलं होतं, 'रविवार वर्ग, इंद्रलोक'. खाली बाईंची सही. कुंदाताईंच्या हस्ते द्यायचं ठरलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

राणेने घेतलं नाही.

"नको बाई. दारावर एक पाटी आहे, तेवढं खोटं पुरे झालं."

आणि त्याने सगळं सांगितलं. पेपर, मध्यस्थ, सासऱ्यांचे पेढे, चिंच, मनाली. उभ्यानेच सांगितलं, सर आल्यावर उभा राहायचा तसा.

जयेशभाईने उगाच एक कम्प्युटर बंद करून चालू केला. मग लिमये बाई उठल्या, पिशवीतून मस्टर काढलं आणि पहिलं पान उघडून राणेसमोर ठेवलं. तो रकाना अजून कोराच होता. राणेने पेन घेतलं आणि लिहिलं, 'बारावी'.

बाईंनी शाईवर फुंकर मारली. "छान अक्षर आहे. आता एखाद्या मुक्त विद्यापीठाचा बी.कॉम.चा फॉर्म आणा. माझी लाल शाई अजून शिल्लक आहे."

फॉर्म आला. आम्ही दोघं कॅफेच्या पायरीवर बसून भरत होतो. पत्त्याशी राणे थांबला. पुस्तकं पोस्टाने घरी येणार, वर 'विद्यार्थी' लिहिलेलं असणार.

मी म्हटलं, "माझा पत्ता घाल. पुस्तकं माझ्याकडे येतील. वहिनींना कळणारही नाही. तीन वर्षांनी पाटी आपोआप खरी होईल, विषय संपला."

राणेने बराच विचार केला. हातातल्या चहावर साय धरली.

"नको रे. तुझ्या दारावरची पाटी खरी आहे. तिला कशाला यात ओढू?"

आणि स्वतःचा पत्ता लिहिला.

"म्हणजे घरी सांगावं लागेल."

"हो."

"कधी?"

"दिवाळीच्या आत. तिने चिंच भिजवायच्या आत."

* * *

त्याने घरी नेमकं कसं सांगितलं, वहिनी काय म्हणाल्या, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. डायरीत त्या आठवड्याला लागोपाठ चार दिवस एकच ओळ आहे, 'वरून आवाज नाही.' मिक्सरही नाही, रेडिओही नाही. वहिनी जिन्यात भेटल्या, तर माझ्याकडे बघून, तुम्हाला माहीत होतं ना, अशा डोळ्यांनी बघून, खाली उतरून गेल्या. रविवारी राणे वर्गाला निघाला तेव्हा मागून कोथिंबिरीची हाकही आली नाही.

मग दिवाळीच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे चकलीचा सोऱ्या परत करायला गेलो. जिन्यातच चिंचेचा वास आला. शेवटच्या पायरीवर मी थांबलो.

वहिनी दाराबाहेर पाटावर उभ्या राहून पाटी घासत होत्या. हात कोपरापर्यंत चिंचेने माखलेले. 'श्री. दिवाकर वि. राणे' सोन्यासारखं झळकत होतं. आणि त्यापुढे, 'बी.कॉम.'वर, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. औषधांच्या डब्यातली पट्टी. कात्रीने चारही बाजूंनी नीट कापलेली, आणि फक्त तेवढ्याच अक्षरांवर. तिच्या कडेला चिंच लागू नये म्हणून वहिनी अंगठा आडवा धरून घासत होत्या.

आतून बापलेकीचं भांडण ऐकू येत होतं.

"बाबा, तुमचं उत्तर चुकलंय!"

"मनाली, पुन्हा कर. डोळे मिटून घेतलंस का सॅम्पल?"

माझ्या मागून कुंदाताई धापा टाकत जिना चढून आल्या. टोपली डोक्यावर. त्यांची नजर पाटीवर गेली.

"ओ वैनी, पाटीला काय झालं? लागलंबिगलं का?"

वहिनींनी मागे वळून बघितलं नाही. पट्टीची एक कड जरा उचलली गेली होती, ती त्यांनी मनगटाने दाबून बसवली.

"बफरिंग चाललंय," त्या म्हणाल्या.

कुंदाताईंनी टोपली उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि पायरीवर बसकण मारली.

"मंग थांबू की! आपल्याला कुठं घाई हाय?"